पुस्तक नसलेल्या गावातली वाचक



उरानो मोतोसु ही जपानी तरुणी कादंबरीच्या सुरुवातीलाच मरते. विद्यापीठाचं शिक्षण नुकतंच संपलेलं, ग्रंथालयातली नोकरी पक्की झालेली, आणि भूकंपात घरातली पुस्तकं अंगावर कोसळून ती त्यांच्याखाली गाडली जाते. मरताना तिचं देवाकडे एकच मागणं असतं, पुढच्या जन्मीही वाचायला मिळू दे. जन्म मिळतो. डोळे उघडतात ते एरेनफेस्ट नावाच्या तटबंदीच्या शहरात, एका गरीब शिपायाच्या घरात, तापाने फणफणलेल्या पाच वर्षांच्या मुलीच्या देहात. या मुलीचं नाव माइन. घरात पुस्तक नाही, शेजारीपाजारी नाही, सबंध वस्तीत नाही. अक्षर ओळखणारी माणसंसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मिया काझुकी या जपानी लेखिकेच्या ‘होन्झुकी नो गेकोकुजो’ या कादंबरीमालेची ही सुरुवात. नावाचा अर्थ साधारणपणे ‘ग्रंथवेडीचं बंड’ असा करता येईल. सप्टेंबर 2013 ते मार्च 2017 या काळात ही कथा हौशी लेखकांसाठीच्या एका जपानी संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत गेली. जानेवारी 2015 पासून टीओ बुक्स या प्रकाशनाने ती पुस्तकरूपात आणायला घेतली आणि डिसेंबर 2023 मध्ये मुख्य कथेचा तेहेतिसावा खंड आला. यू शीना यांची चित्रं प्रत्येक खंडात आहेत. 2019 पासून तिच्यावर अ‍ॅनिमे मालिकाही निघाली. एका ग्रंथपालाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत कुठल्याशा परदेशी अद्भुतकथेतली लहान मुलगी कशासाठी, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर त्याचं उत्तर हेच, की पुस्तक नावाची वस्तू जगात येते तरी कशी, हे या मुलीइतकं अंगमेहनतीने अलीकडच्या कुठल्याच कथानायकाने दाखवलेलं नाही.

जपानमध्ये लाइट नॉव्हेल म्हणून ओळखला जाणारा हा साहित्यप्रकार तरुण वाचकांसाठीचा. भाषा सोपी, संवाद भरपूर, मध्ये मध्ये चित्रं, आणि एक खंड संपला की पुढचा हातात घ्यायला लावणारी रचना. त्यातही गेल्या दीड-दोन दशकांत एका साच्याचं पीक आलं. आजच्या जपानमधला एखादा सामान्य माणूस मरतो आणि जादूच्या, तलवारींच्या दुसऱ्याच जगात जन्म घेतो. तिथे त्याला बहुधा अफाट शक्ती मिळते, मग राक्षस मारले जातात, राज्यं जिंकली जातात. काझुकींनी साचा तोच घेतला आणि नायिकेला मात्र जवळपास काहीच दिलं नाही. माइनचं शरीर इतकं अशक्त आहे की घराचे जिने उतरून रस्त्यावर येईपर्यंत तिला धाप लागते. बाजारात जाऊन आलं की दोन दिवस अंथरूण. दुसऱ्या जगातून तिने आणलेलं भांडवल एकच, डोक्यात साठवलेलं वाचन.

आणि हे भांडवल किती अपुरं आहे, हे दाखवण्यात पहिल्या भागातली कित्येक पानं खर्ची पडतात. तिथेच ही कादंबरी मोठी होते.

वडिलांबरोबर बाजारात गेलेली असताना माइनला एका दुकानात पुस्तक दिसतं. ते विकायला ठेवलेलं असतं तरी शिपायाच्या घराला परवडलं नसतंच. तिथली पुस्तकं चामड्याच्या पानांवर हाताने लिहिलेली, म्हणजे सरदार-उमरावांची मालमत्ता. विकत मिळत नसेल तर आपणच करू, असं ती ठरवते. कागद विकत मिळत नाही, तर कागदही करू. मानवजातीने लेखनासाठी जे जे म्हणून वापरलं ते तिने वाचलेलं असतंच. प्राचीन इजिप्तमधल्या पपायरसची आठवण काढून ती गवताचे तंतू आडवे-उभे विणायला घेते. काही दिवस खपल्यावर तळहाताएवढा तुकडाही धड होत नाही. मग मेसोपोटेमियाची आठवण. मातीच्या पाट्या करून, आईने सांगितलेल्या गोष्टी त्यांवर कोरून ती त्या भाजायला ठेवते आणि पाट्या फुटून त्यांचे तुकडे होतात. ओल राहिलेली, नीट न मळलेली माती आगीत फुटते, हे कुठल्याही कुंभाराच्या पोराला ठाऊक असतं. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माइनला ते माहीत नव्हतं.

तिसरा प्रयोग लाकडाच्या पट्ट्यांचा. हा खास जपानी संदर्भ आहे. कागद महाग होता त्या काळात जपानचं सरकारी कामकाज मोठ्या प्रमाणावर ‘मोक्कान’ म्हणजे लाकडी पट्ट्यांवर चालत असे. नारा शहरात 1988 साली राजपुत्र नागाया याच्या वाड्याच्या जागेवर उत्खननात अशा पट्ट्या हजारोंनी सापडल्या. तांदूळ कुणी पोचवला, कुणाला किती शिधा दिला, अशा नोंदी त्यांवर होत्या. कादंबरीत ट्यूली ही थोरली बहीण आणि शेजारचा लुट्झ माइनला जंगलातून आणलेल्या लाकडाच्या पट्ट्या तासायला मदत करतात. ती त्या जिवापाड जपून ठेवते. एके दिवशी पाहते तो पट्ट्या गायब. आईने चुलीत घातलेल्या असतात. आईच्या, एफाच्या, दृष्टीने ते सरपण होतं, आणि थंडीच्या दिवसांत सरपणाला किंमत असते.

हा प्रसंग काझुकींनी फार समजून लिहिला आहे. एफा दुष्ट नाही, अडाणी म्हणून हसण्यावारी नेण्याजोगीही नाही. ज्या घरात लिहिलेला शब्द कधी आलाच नाही, त्या घरात लिहिलेलं लाकूड आणि न लिहिलेलं लाकूड यांत फरक कसा कळावा? माइनचा आक्रोश आपल्याला कळतो आणि एफाचा गोंधळही कळतो. पुस्तकासाठी नुसतं पुस्तक पुरत नाही, त्याच्याभोवती ते ओळखणारी माणसं लागतात, हे तत्त्व कुठेही न उच्चारता चुलीतल्या त्या पट्ट्यांनी सांगून टाकलं.

मग उरतो कागद. इथे लेखिका जपानी हातकागदाच्या परंपरेचा आधार घेते. त्या कामाची रीत जरा तपशिलात पाहायला हवी, कारण माइनची सगळी धडपड त्यात आहे. जपानी ‘वाशी’ कागद मुख्यतः कोझो नावाच्या तुतीवर्गीय झुडपाच्या सालीपासून होतो. थंडीच्या दिवसांत फांद्या तोडायच्या, वाफवायच्या, गरम असतानाच साल सोलायची. वरची काळी साल खरवडून आतली पांढरी साल वेगळी करायची. ती राखेच्या क्षारयुक्त पाण्यात उकळायची, वाहत्या पाण्यात धुवायची, एकेक काडी-कचरा बोटांनी वेचायचा. मग कुटून कुटून तिचे तंतू मोकळे करायचे. हे तंतू पाण्याच्या कुंडात सोडले की ते खाली बसू पाहतात, एकमेकांत गुंतून गोळे होतात. म्हणून त्यात एक बुळबुळीत द्रव घालतात. तो तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळातून निघतो आणि हे झाड आपल्या भेंडीच्याच कुळातलं. भेंडी चिरताना हाताला लागणारा जो चिकटपणा, त्याच जातीचा हा चिकटपणा पाण्यात तंतूंना तरंगत ठेवतो आणि पाणी चाळणीतून सावकाश गळू देतो. मग बांबूच्या बारीक काड्यांची चटई बसवलेली चौकट कुंडात बुडवायची, उचलायची, पुढे-मागे हेलकावायची, की तंतूंचा पातळ थर धरतो. असे ओले ताव एकावर एक रचले, दाबून पाणी काढलं, तरी ते सुटे होतात, तेही त्या चिकट द्रवामुळेच. शेवटी फळीवर वाळवणं. या कलेपैकी तीन ठिकाणच्या परंपरा, सेकिशू-बान्शी, होन-मिनोशी आणि होसोकावाशी, युनेस्कोने 2014 साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या.

माइनला ही सगळी रीत तोंडपाठ आहे. अडचण अशी, की तिला चौकट करता येत नाही, फांदी तोडता येत नाही, भरलेलं भांडं उचलता येत नाही. त्या जगात कोझो नाही, तोरोरो-आओई नाही. कुठल्या झाडाची साल चालेल, कुठल्या फळाचा रस पुरेसा चिकट आहे, हे एकेक करून पाहावं लागतं. तिच्या ज्ञानाला हात मिळतात ते लुट्झचे. हा बांधकाम-कामगाराच्या घरातला धाकटा मुलगा, सतत अर्धपोटी, भावांच्या धक्काबुक्कीत वाढलेला. बापाच्या धंद्यात न जाता त्याला व्यापारी व्हायचं आहे. दोघांचा अलिखित करार होतो, माइनने सुचवायचं आणि लुट्झने करायचं. मालिकेचे पुढचे सगळे खंड या दोघांच्या या वाटणीवर उभे आहेत.

लुट्झबद्दल आणखी एक सांगायला हवं. शेजारची आजारी माइन अचानक कागद, शाई, हिशेब यांबद्दल बोलू लागली आहे, हे तिच्या आईबापांच्या आधी त्याच्या नीट लक्षात येतं. कागदाचं काम रंगात आलेलं असताना तो तिला गाठतो आणि विचारतो, तू खरी माइन नाहीस, मग ती कुठे आहे? या प्रकारातल्या बहुतेक कथा हा प्रश्न टाळतात. ज्याच्या देहात नायक शिरतो त्या मूळ जिवाचं काय झालं, याचा हिशेब कुणी देत नाही. इथे एक सहा-सात वर्षांचा मुलगा तो हिशेब मागतो. माइन खोटं बोलत नाही. मूळची मुलगी तापात गेली, आणि तू म्हणत असशील तर मीही निघून जाईन, अशा अर्थाचं ती सांगते. तो विचार करतो आणि तिला राहू देतो. मैत्रीची एवढी कठीण परीक्षा मुलांच्या साहित्यात क्वचितच आढळते.

कागद झाला तरी पैसा लागतो. तो आणतो बेन्नो हा तरुण, तापट, हिशेबी व्यापारी. तो माइनला दयेपोटी काहीही देत नाही. केस धुण्याच्या द्रवाची कृती, केसांत खोवायच्या दोऱ्याच्या फुलांची कृती, प्रत्येक गोष्ट तो घासाघीस करून विकत घेतो आणि तिलाही घासाघीस शिकवतो. कागद बाजारात आणताच चामड्याची पानं करणाऱ्यांचा संघ उठतो, कारण त्यांच्या पोटावर पाय येणार असतो. तडजोड निघते ती अशी, की करारपत्रं पूर्वीसारखीच चामड्यावर लिहिली जातील आणि बाकीच्या कामांसाठी नवा कागद चालेल. शोध लागला आणि जग बदललं, इतकं सरळ इथे काही घडत नाही. आधी कोण किती गमावणार हे मोजलं जातं.

खऱ्या इतिहासातही तसंच झालं. माइंझच्या योहानेस गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास आपलं बायबल छापून पूर्ण केलं, आणि त्याच वर्षी त्याला कर्ज देणाऱ्या योहान फुस्टने दावा लावून छापखान्याचं साहित्य ताब्यात घेतलं. ज्याने अक्षरं ओतली त्याच्या हाती त्याचा छापखाना राहिला नाही. माइनचं नशीब गुटेनबर्गपेक्षा बरं, कारण तिचा सावकार तिच्या बाजूने उभा राहिला. गंमत म्हणजे कादंबरीत ती आपल्या कारागिरांनाच ‘गुटेनबर्ग’ ही पदवी वाटत सुटते. धातूची अक्षरं घडवणारा लोहार योहान, मुद्रणयंत्राच्या नव्या रचना काढणारा झॅक, दाबयंत्राचा लाकडी सांगाडा करणारा सुतार इंगो, शाईत रमलेली हाइडी आणि तिचा नवरा योझेफ, हे सगळे गुटेनबर्ग. योहान बिचारा या पदवीने हैराण होतो. पण तिचा आग्रह मनापासूनचा आहे. छपाईचा शोध एका माणसाचा नसतो, असं तिचं ठाम मत, आणि ते बरोबरच आहे. गुटेनबर्गचीही शाई तेलावर बांधलेली होती, म्हणूनच ती धातूच्या अक्षराला धरून राहिली. माइनही जवसाच्या तेलात काजळी मिसळून शाई करते. शाईवाला नसेल तर लोहाराची अक्षरं मुकी राहतात.

जपानच्या छपाईची कहाणी सांगताना गोव्याचं नाव घ्यावंच लागतं. 1556 साली गोव्यात सेंट पॉल महाविद्यालयात छापखाना सुरू झाला, भारतातला पहिला. त्यानंतर तीन दशकांनी जपानच्या चार ख्रिस्ती तरुणांचं शिष्टमंडळ युरोपहून परतताना गोव्यात थांबलं. 1582 मध्ये नागासाकी सोडलेल्या या मुलांनी रोममध्ये पोपची भेट घेतली होती. त्यांच्यापैकी हारा मार्तिनो याने गोव्यात लॅटिनमध्ये केलेलं भाषण 1588 साली गोव्यातच छापलं गेलं. याच मंडळींबरोबर एक छापखाना समुद्रमार्गे 1590 मध्ये जपानला पोचला आणि पुढच्या वर्षी क्युशू बेटावरच्या काझुसा इथे त्यावर संतचरित्रांचं पुस्तक निघालं. भाषा जपानी, अक्षरं रोमन. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं तेव्हाही हीच गत. भाषा मराठी, अक्षरं रोमन, कारण देवनागरीचे खिळे कुणी पाडलेले नव्हते. लोहाराशिवाय कवीचं अडतं, याचं याहून जवळचं उदाहरण मराठी वाचकाला सापडणार नाही. योहान या लोहाराला माइनने एवढं डोक्यावर का घेतलं, ते इथे कळतं.

जपानने पुढे धातूच्या खिळ्यांची छपाई बहुतांशी सोडून दिली आणि लाकडी ठशांकडे मोर्चा वळवला. कारणही व्यवहारी. हजारो चिन्हं आणि वळणदार लिपी, यांसाठी एकेक खिळा पाडत बसण्यापेक्षा अख्खं पान लाकडावर कोरणं स्वस्त पडे. त्याच ठशांवर एदो, म्हणजे आजचं टोकियो, वाचतं शहर झालं. 1808 च्या नोंदीप्रमाणे त्या शहरात पुस्तकं भाड्याने देणारे 656 व्यावसायिक होते. पाठीवर गठ्ठा घेऊन ते दारोदार जात. एका शहरात एवढी माणसं पुस्तकं फिरवून पोट भरत होती, म्हणजे वाचणारी घरं किती असतील याचा अंदाज करावा.

माइनच्या एरेनफेस्टमध्ये मात्र छापून घेणार कोण? कथा दुसऱ्या भागात या प्रश्नावर येते आणि अधिक खोल जाते.

सातव्या वर्षी नामविधीसाठी मंदिरात गेलेली माइन तिथल्या ग्रंथदालनासमोर येते. साखळ्यांनी मेजाला बांधलेली पुस्तकं. युरोपातल्या जुन्या ग्रंथालयांत ही पद्धत खरोखर होती. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळीबंद ग्रंथालय आजही पाहायला मिळतं. माइनला साखळ्या खुपत नाहीत, तिला फक्त पुस्तकं दिसतात. तिथे शिरायचं तर मंदिराची सेविका व्हावं लागेल, असं कळताच ती तयार होते. त्यामागे आणखी एक कारण लपलेलं आहे. त्या जगात जादूची शक्ती उमरावांकडे असते, पण क्वचित गरिबाच्या पोटी जन्मलेल्या मुलातही ती असते आणि ती बाहेर काढण्याची महागडी साधनं नसल्यामुळे असं मूल आतल्या आत जळून मरतं. माइनचा आजार हाच. मंदिरात तिला जगण्याचा मार्गही सापडतो.

मंदिराच्या अनाथालयात तिला जे दिसतं ते भयंकर आहे. नामविधी न झालेली मुलं तळघरात घाणीत, उपाशी, जवळजवळ विसरलेली. इथे वाचक अपेक्षा करतो की नायिका धावून जाईल. माइन आधी नजर वळवते. जबाबदारी अंगावर आली तर वाचायला वेळ मिळणार नाही, आणि एवढ्या सगळ्यांचं आपल्या हातून काही होणार नाही, असे विचार तिच्या मनात येतात. तिला झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, तेव्हा कुठे ती मुख्य पुरोहित फर्डिनांडपुढे अनाथालयाची जबाबदारी घेते. तिची ही स्वार्थी बाजू लेखिकेने कुठेच झाकलेली नाही. माइनला जग सुधारायचं नाही, तिला पुस्तकं हवी आहेत. पण पुस्तकासाठी कागद हवा, कागदासाठी हात हवेत, हातांना जेवण हवं. म्हणून मुलं धुतली-पुसली जातात, रस्सा शिजतो, जंगलातून लाकूड आणलं जातं, अनाथालयाच्या आवारात कागदाचा कारखाना उभा राहतो आणि मुलांना त्यांच्या कामाची मजुरी मिळते. हेतू उदात्त नसूनही परिणाम उदात्त होऊ शकतो, ही गोष्ट समाजसुधारणेच्या कितीतरी गोड कथांपेक्षा जास्त खरी वाटते.

छपाईची पहिली पावलंही याच कारखान्यात पडतात. आधी कातरलेल्या कागदाच्या साच्यातून चित्रं उमटवायची, मग मेणकागदावर टोकदार लेखणीने खरडून त्यातून शाई दाबायची. जपानमध्ये होरी शिंजिरो याने 1894 साली बाजारात आणलेल्या छपाईयंत्राची ही रीत. शाळांच्या प्रश्नपत्रिका, नाटकांच्या संहिता, संघटनांची पत्रकं जपानात दीर्घकाळ याच यंत्रावर निघत. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलचं ते भावंड. विल्मा ही चित्रकार सेविका चित्रं काढते आणि देवांच्या गोष्टींचं मुलांसाठीचं पुस्तक तयार होतं. त्याबरोबर अक्षरओळखीचे पत्ते. हे पत्ते खेळता खेळता अनाथालयातली मुलं एका हिवाळ्यात वाचायला शिकतात.

इथे जपानच्या इतिहासातलं एक टोकाचं उदाहरण आठवावं. आठव्या शतकात, 764 ते 770 या काळात, शोतोकू या सम्राज्ञीच्या हुकमावरून दहा लाख छोटे लाकडी मनोरे करवून घेण्यात आले. प्रत्येकाच्या पोटात बौद्ध धारणीमंत्राचा छापील कागद ठेवण्यात आला आणि ते दहा मंदिरांना वाटण्यात आले. जगातल्या सर्वांत जुन्या छापील मजकुरांपैकी हा एक. पण हे कागद वाचण्यासाठी छापलेले नव्हते, पुण्यासाठी छापलेले होते, आणि जपानमध्ये वाचायच्या पुस्तकांची छपाई रुळायला त्यानंतरही शतकं जावी लागली. यंत्र आधी आलं, वाचक नंतर. माइन उलट्या टोकाने जाते. तिच्या पत्त्यांना आणि चित्रपुस्तकांना मंदिराबाहेर, उमरावांच्या मुलांतही गिऱ्हाईक मिळतं ते त्यामुळेच.

तिच्यातली ग्रंथपाल मात्र सतत जागी असते. मंदिराच्या अस्ताव्यस्त ग्रंथदालनाची मांडणी ती दशांश वर्गीकरणाने करते. उरानोला ठाऊक असलेली ती जपानी पद्धत म्हणजे मोरी कियोशी यांनी 1929 साली प्रसिद्ध केलेलं निप्पॉन दशांश वर्गीकरण. जपानमधली सार्वजनिक ग्रंथालयं आजही तीच वापरतात. तलवार-जादूच्या कथेत वर्गीकरण-क्रमांकांवरून वाद रंगतो, आणि तरीही हजारो तरुण वाचक ते आनंदाने वाचतात, ही गोष्ट ग्रंथालयाच्या माणसांना बळ देणारी आहे.

पण पुस्तकांच्या या वेडाची किंमत काय, हेही काझुकी विचारतात. फर्डिनांड जादूच्या साधनाने माइनच्या आठवणींत शिरतो तो प्रसंग मालिकेतला सर्वांत हलवून टाकणारा. तो एरेनफेस्टच्या हितासाठी तपासणी करायला आलेला असतो. त्याला दिसतं ते उरानोचं जग, तिचं पुस्तकांनी भरलेलं घर आणि तिची आई. नाना कलाकुसरींच्या छंदांमागे धावणारी ही आई मुलीलाही त्यात ओढायची. उरानोला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटायचा. आता कळतं की माइनला आज उपयोगी पडणारी बरीचशी कौशल्यं त्याच हौसेतून आलेली होती. आईने केलेलं जेवण, आईचा आवाज, सगळं परत दिसतं आणि माइन रडू लागते. उभ्या आयुष्यात पुस्तकाच्या आड राहून आपण आईकडे पाहिलंच नाही, हे तिला मेल्यानंतर, दुसऱ्या जगात उमगतं. त्यानंतर ती या जन्मीच्या आईबापांना घट्ट धरते.

आणि नेमकी तेव्हाच ती माणसं तिच्यापासून तोडली जातात. दुसऱ्या परगण्यातला एक उमराव तिला पळवून नेण्यासाठी हल्ला करतो. घरच्यांचे प्राण वाचवायचे तर एकच वाट उरते. राज्यप्रमुख सिल्वेस्टर तिला दत्तक घेतो, ती रोझेमाइन होते, आणि माइन मेली असं जाहीर केलं जातं. जादूच्या करारानुसार गुंटर, एफा, ट्यूली आणि तान्हा भाऊ कामिल यांना ती यापुढे कुटुंबीय म्हणून हाक मारू शकत नाही, तेही तिला तशी हाक मारू शकत नाहीत. गुंटर हा शिपाई बाप, मुलींवर जीव टाकणारा, करारावर सही करतो तो भाग वाचून कोरड्या डोळ्यांनी पुढे जाणारा वाचक विरळा.

पुढचे भाग राजकारणात शिरतात. राजविद्यापीठ, तिथलं ग्रंथालय, सशाच्या रूपातले दोन जादुई सहायक, सरदारघराण्यांतली चढाओढ, शेवटी युद्ध. या भागांत काही ठिकाणी शिष्टाचाराचे आणि वंशावळीचे तपशील इतके दाट होतात की कागदाच्या कुंडाजवळचा जिवंतपणा मागे पडतो. पहिले दोन भाग त्या मानाने कितीतरी सरस. तरी एक धागा लेखिका कधी सोडत नाही. शिपायाची मुलगी राज्यप्रमुखाच्या पायरीपर्यंत चढते आणि आपल्या राज्याला ‘अलेक्झांड्रिया’ असं नाव देते. इसवीसनापूर्वी इजिप्तमध्ये टॉलेमी राजांनी उभारलेल्या ग्रंथालयाचं शहर तिच्या मनात असतं. तिथे ग्रंथालय राजाच्या आश्रयाने उभं राहिलं. इथे ग्रंथपाल व्हायला निघालेली मुलगीच राज्य करते.

दरम्यान, शहराच्या खालच्या वस्तीतलं तिचं घर कागदामुळेच तिच्याशी जोडलेलं राहतं. ट्यूली शिलाईकाम शिकून इतकी तरबेज होते की रोझेमाइनच्या केसांतली फुलं तीच करते आणि व्यापाऱ्यांमार्फत महालात पोचवते. बेन्नो पुस्तकांचा धंदा वेगळा करतो आणि त्याला नाव मिळतं प्लांटिन, सोळाव्या शतकात अँटवर्पमध्ये मोठं मुद्रणगृह चालवणाऱ्या क्रिस्तोफ प्लांटिनचं. ते मुद्रणगृह आज संग्रहालय म्हणून जपलेलं आहे आणि 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. लुट्झ या धंद्यात मोठा होतो. तान्ह्या कामिलसाठी माइनने काळ्या-पांढऱ्या चित्रांचं एक पुस्तक करून ठेवलेलं असतं, कारण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांना तेच दोन रंग आधी कळतात. त्यानंतरची पुस्तकं आणि खेळणी त्याच्याकडे लुट्झच्या हातून येत राहतात. ती कुणाच्या डोक्यातून निघतात हे त्याला वर्षानुवर्षं ठाऊक नसतं. शिकाऊ म्हणून काम धरण्याची वेळ येते तेव्हा घरात बोलणं होतं, बापासारखा शिपाई व्हायचं की बहिणीच्या वाटेने कपड्यांच्या व्यापाऱ्याकडे जायचं. कामिल प्लांटिनचं दुकान निवडतो. त्याला पुस्तकं करायची असतात.